समुद्रकाठची सुट्टी आणि रंगांची पेटी

दिवाळीची सुट्टी लागली की मुंबई-पुण्याची मंडळी कोकणच्या वाटेला लागतात. सामानात चिवड्याचा डबा असतो, मुलांचे पोहण्याचे कपडे असतात, औषधांची पिशवी असते आणि फोटो काढण्याचे यंत्र तर आता प्रत्येकाच्या खिशातच असते. चार दिवसांत तीनशे-चारशे फोटो सहज निघतात. घरी परतल्यावर ते एकदा पाहिले जातात, नातेवाइकांकडे पाठवले जातात आणि मग पुढच्या दिवाळीपर्यंत त्यांची कोणी विचारपूस करीत नाही. ह्या सामानात आणखी दोन-तीन जिनसांची भर घालावी, एवढीच शिफारस करण्यासाठी हा लेख आहे. एक चित्रवही, एक मऊ पेन्सिल आणि जमल्यास जलरंगांची लहानशी पेटी.

“पण मला चित्र कुठे काढता येते!” हे उत्तर ठरलेले. आपल्याकडे शाळेत प्रत्येकाने समुद्राचे एक चित्र काढलेले असते. मागे दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खोबणीत अर्धा सूर्य, बाजूला वाकलेला माड, पाण्यात केळ्याच्या सालीसारखी होडी आणि आकाशात पक्षी म्हणून काढलेल्या चार वाकड्या रेघा. गंमत अशी की आपल्या पश्चिम किनाऱ्यावर सूर्य डोंगराआडून वर येतो तो आपल्या पाठीमागे, आणि बुडतो तो समोरच्या पाण्यात. समुद्राकडे तोंड करून बसलेल्या माणसाला डोंगरांच्या खोबणीतला सूर्य कधीच दिसत नाही. तरीही पिढ्यान्‌पिढ्या आपण ते चित्र काढीत आलो, कारण ते पाहून काढलेले नसते, पाठ केलेले असते. सुट्टीतल्या चित्रकलेचा पहिला धडा एवढाच, की पाठ केलेले विसरायचे आणि समोर आहे ते पाहायचे.

हा रिकामटेकड्यांचा उद्योग नव्हे

किनाऱ्याचे चित्र काढणे हे एके काळी चैनीचे नव्हे, तर कामाचे कसब होते. गलबत परमुलखाच्या किनाऱ्याला लागताना समोरचे बंदर कोणते हे ओळखायचे कसे? त्यासाठी दर्यावर्दी लोक समुद्रातून दिसणारी किनाऱ्याची रेषा काढून ठेवीत. कोणता डोंगर कोठे उंच, देवळाचे शिखर कोठे, किल्ल्याचा बुरूज कोणत्या टेकडीच्या उजवीकडे, हे सारे त्या रेषेत असे. सागरी नकाशांच्या कडेला अशी चित्रे छापली जात. तेथे चूक झाली, तर चित्र बिघडत नसे, जहाज खडकावर जात असे.

कंपनी सरकारच्या अमदानीत आपल्या मुलखात आलेल्या अनेक लष्करी अधिकाऱ्यांना रेखाटनाचा सराव होता. रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले हा त्यांपैकीच एक. पश्चिम हिंदुस्थानातील देखावे, वेषभूषा आणि वास्तू ह्यांच्या चित्रांचा त्याचा संग्रह १८२६ ते १८३० ह्या काळात लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आधी जेम्स फोर्ब्सने आपल्या हिंदुस्थानातील वास्तव्यात काढलेल्या चित्रांसह चार खंडांचा ग्रंथ १८१३ साली छापला होता. त्या काळचा हा मुलूख कसा दिसे, हे आज पाहायचे तर अशाच हौशी हातांकडे जावे लागते.

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर युजेन बुदँ नावाचा चित्रकार होता. आकाश आणि पाणी हे त्याचे वेड. तो प्रत्येक रेखाटनाच्या कडेला तारीख, वेळ आणि वारा कोणता होता हे टिपून ठेवी. १८५९ साली कवी बोदलेरने त्याची ही चित्रे पाहून ह्या टिपणांचा कौतुकाने उल्लेख केला. ह्याच बुदँने ल हाव्र शहरातल्या एका पोराला घराबाहेर काढून उघड्यावर चित्र काढायला बसवले. त्या पोराचे नाव क्लोद मोने. इंग्लंडात जॉन कॉन्स्टेबलनेही १८२१-२२ मध्ये ढगांची रेखाटने करताना मागे वेळ आणि वारा लिहून ठेवला होता. ही सवय लक्षात ठेवा. पुढे तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

आपल्याकडे मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय १८५७ साली सुरू झाले, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ साली स्थापन झाली, आणि जलरंगाची एक पक्की परंपरा महाराष्ट्रात रुजली. तिच्यातले एक मोठे नाव कोकणातलेच. सावळाराम लक्ष्मण हळदणकर १८८२ साली सावंतवाडीत जन्मले. हातात तेवता दिवा घेतलेल्या स्त्रीचे त्यांचे जलरंगातील चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि दिवाळीच्या दिवसांत त्याची आठवण न येणारा रसिक विरळा. गोव्याचे दीनानाथ दलाल ह्यांनी तर १९४५ साली ‘दीपावली’ हे वार्षिक काढून चित्रकला घराघरांतल्या टेबलावर आणून ठेवली. तेव्हा मराठी माणसाला रंगांचे वावडे आहे, असे म्हणण्याची सोय नाही.

दिवाळीतली भरती-ओहोटी

समुद्र हा फार चंचल बैठकदार आहे. तुम्ही पेन्सिलीला टोक करीपर्यंत समोरचा खडक पाण्याखाली जातो. म्हणून बसण्यापूर्वी पाण्याचे वेळापत्रक माहीत हवे. आमच्या कोळी-खारवी मंडळींचा हिशेब ह्या बाबतीत सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. मग सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. हा हिशेब मुंबईच्या आसपासचा आणि ढोबळ आहे. दक्षिणेकडे मालवण-गोव्याला भरती थोडी लवकर येते. मुंबईकडे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढते-उतरते, तर गोव्याकडे दोन मीटरांच्या आसपास. म्हणजे अलिबागचे चित्र सहा तासांत जेवढे बदलेल तेवढे मालवणचे बदलणार नाही.

आता दिवाळीचे भाग्य पाहा. लक्ष्मीपूजन अमावास्येला. अमावास्येला उधाण, आणि भरती येते ती दुपारी बाराच्या आणि रात्री बाराच्या सुमारास. म्हणजे ओहोटी नेमकी पहाटे आणि सूर्यास्ताच्या वेळी! पाणी दूर गेलेले असते, मागे ओल्या वाळूचा शेकडो हात लांबरुंद आरसा पडलेला असतो आणि त्यात सगळे आकाश उतरलेले असते. भाऊबीजेपर्यंत हा मेळ बराचसा टिकतो. रंगांची पेटी घेऊन बसणाऱ्याला ह्याहून चांगला मुहूर्त पंचांगातही सापडायचा नाही.

वाऱ्याचेही तसेच. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, ते मतलई वारे. त्या वेळी पाणी शांत असते आणि होड्यांची प्रतिबिंबे लांबच लांब पडतात. दुपार होऊ लागली की खारा वारा सुटतो, पाणी विस्कटते आणि प्रतिबिंबे मोडतात. शिडांच्या काळात मतलईवर होड्या बाहेर पडत आणि खाऱ्या वाऱ्यावर घरी परतत. आता यंत्र आले, तरी वाऱ्याने आपली वेळ बदललेली नाही.

उजेडाचा नियमही लक्षात ठेवावा. सकाळी सूर्य पाठीशी असतो. त्यामुळे मालवणच्या धक्क्यावरून दिसणारा सिंधुदुर्ग, हर्णैचा सुवर्णदुर्ग, राजपुरीहून दिसणारा जंजिरा, हे सारे सकाळी उजळलेले असतात. तटाचा दगड न्‌ दगड मोजून घ्यावा. संध्याकाळी तोच किल्ला काळ्या कागदातून कापून पाण्यावर ठेवल्यासारखा दिसतो. सकाळी तपशील काढावा, संध्याकाळी आकार. ह्याच्या उलट करायला गेलात तर डोळे दुखतील आणि हाती काही लागणार नाही.

सूर्यास्ताचे चित्र सूर्यास्त चालू असताना पुरे करण्याच्या भरीस पडू नये. क्षितिजाला टेकल्यापासून नाहीसा होईपर्यंत सूर्य जेमतेम सव्वादोन-अडीच मिनिटे घेतो आणि आपल्याकडचा संधिप्रकाशही तोकडा. तेवढ्या वेळात पेन्सिलीने चार रेघा मारून “येथे नारिंगी, येथे करडा, येथे पोपटी झाक” असे शब्दांत लिहून घ्यावे आणि रंग घरी ओसरीवर बसून भरावेत. मोठमोठ्या चित्रकारांनी हेच केले आहे.

काय पाहावे

पहिली गोष्ट क्षितिज. ते काटेकोर आडवे हवे. जरासे कलले तर सगळा समुद्र कागदाबाहेर सांडतो. आणि ते नेहमी पाहणाराच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. पुळणीवर उभे राहून पाहा. जवळचा माणूस असो की दूरचा, तुमच्याच उंचीच्या सगळ्या माणसांचे डोळे क्षितिजाच्या रेघेवर येतात. खाली बसा, की त्यांची डोकी आकाशात जातात. उभ्या माणसाचे क्षितिज साडेचार-पाच किलोमीटरांवर असते, पन्नास मीटर उंच टेकडीवर चढलात तर ते पंचवीस किलोमीटरांवर जाते. एवढे एक कळले तरी चित्रातली माणसे बुटकी किंवा राक्षसी होत नाहीत.

दुसरी गोष्ट लाट. एकाच लाटेचा पाठलाग करू नये, ती गेली ती गेली. दहा-वीस लाटा नुसत्या पाहाव्यात. मग ध्यानात येते की प्रत्येक लाट निराळी असली तरी तिचे उठणे, वळणे, फुटणे आणि पसरणे एकाच चालीचे आहे. संध्याकाळी सूर्य लाटेच्या पलीकडे असतो, तेव्हा वळणाऱ्या लाटेच्या पातळ कडेतून उजेड आरपार येतो आणि ती बाटलीच्या काचेसारखी हिरवी दिसते. फेस पांढरा असतो खरा, पण त्याच्या सावलीत निळसर जांभळी झाक असते. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागद कोरा सोडायचा असतो. कोठे हात लावायचा नाही, हे आधी ठरवणे ह्यातच जलरंगाचे निम्मे कौशल्य आहे.

तिसरी गोष्ट रंग. समुद्र निळा, हे आपण ठरवून टाकलेले असते. खाडीच्या तोंडाशी तो चहासारखा असतो, मालवणला उथळ वाळूवर हिरवा, ढगाखाली शिशासारखा. जांभ्याचा दगड कोरडा असताना विटकरी, ओला झाला की जवळजवळ काळा. जपानच्या होकुसाईने १८३१ च्या सुमारास आपली ती जगप्रसिद्ध लाट छापली, तेव्हा युरोपातून आलेला प्रशियन निळा रंग त्याला मिळाला होता. पण त्या चित्राचा जोर निळ्या रंगात जेवढा आहे तेवढाच लाटेच्या पंजात सापडलेल्या होड्यांत आहे. तेव्हा रंगाबरोबर पाण्यावरच्या माणसाकडेही पाहावे.

ह्या होड्यांवरून एक प्रसंग सांगतो. मालवणच्या किनाऱ्यावर कलाशाळेतला एक तरुण विद्यार्थी चित्र काढीत होता आणि मी शेजारी बसलो होतो. हात तयार होता, रंग सुरेख लागले होते. एक म्हातारे तांडेल बराच वेळ मागे उभे राहून पाहत होते. शेवटी म्हणाले, “चित्र बरा काढलंस रे झिला, पण ही होडी बुडतली.”

“कशावरून, काका?” पोराने विचारले.

“ती पाण्यार ठेवलेली आसा, पाण्यात बसाक नाय. आणि बाकीच्यो सगळ्यो होड्यो वाऱ्याक तोंड करून आसत, तुजी एकटीच पाठ करून कित्याक बसली?”

पोराने वर पाहिले. नांगरलेल्या साऱ्या होड्या खरोखरच वाऱ्याकडे नाळ करून एका दिशेला उभ्या होत्या. भरलेली होडी खोल बसली होती, रिकामी वर तरंगत होती. तांडेलांनी आयुष्यात हातात कुंचला धरला नसेल, पण पाहणे म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होते, कारण त्यांचे पोट त्या पाहण्यावर चालले होते. पोराने होडीचा तळ पुसून पाण्याची रेघ वर घेतली आणि काकांना चित्र पुन्हा दाखवले. “आता जाईत,” एवढे बोलून ते चालू लागले. कोणत्याही प्रदर्शनातल्या परीक्षकाने ह्याहून मोलाचा अभिप्राय दिला असता असे मला वाटत नाही.

बघ्यांचा संकोच वाटतो, अशी पुष्कळांची तक्रार असते. कोकणात बघे जमणारच. पण ते टीका करायला येत नाहीत, ओळख पटवायला येतात. “हे आमचे घर,” “ही आमची होडी,” असे म्हणत कोणी तरी चहाला बोलावते आणि तुम्ही पर्यटकाचे पाहुणे होता. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव चालू असतो, तेथे तर तुमच्याकडे पाहायला कोणाला सवड नसते. माणसांच्या झटपट रेखाटनाला त्याहून चांगली शाळा नाही.

सामान आणि सावधगिरी

सामान थोडके असावे. पाच रंग पुरतात: गडद निळा, प्रशियन निळा, पिवळी माती, भाजकी तांबूस माती आणि एक किरमिजी. गडद निळ्यात भाजकी माती मिसळली की ओल्या खडकापासून पावसाळी ढगापर्यंत सगळे करडे रंग निघतात. एक जाड ब्रश, एक बारीक. कागद जाड घ्यावा, पातळ कागद खाऱ्या हवेत पापडासारखा वाकतो. वाऱ्यासाठी चार क्लिपा हव्यात. पाणी घरून गोडे न्यावे. समोर एवढा समुद्र आहे म्हणून त्याचेच पाणी रंगात कालवू नये, कारण मीठ कागदात राहते आणि पुढे ओल धरते. कोरा कागद उन्हात डोळे दिपवतो आणि मग रंग फिके की गडद ते कळत नाही, म्हणून कागद सावलीत धरावा. छत्री काळीच घ्यावी, लाल-पिवळ्या छत्रीचा उजेड कागदावर पडून सगळे रंग खोटे ठरतात.

आणि पाण्याकडे पाठ करून, भरतीच्या वाटेतल्या खडकावर बसू नये. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते, पण परतीची वाट भरती पाहून ठरवावी लागते. चित्र रंगात आले की घड्याळाकडे लक्ष राहत नाही, म्हणून ते काम बरोबरच्या माणसाकडे सोपवावे.

वहीत राहिलेला किनारा

आता त्या बुदँच्या सवयीकडे येऊ. वेंगुर्ल्याच्या बाजूला चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक माझ्या परिचयाचे होते. दर दिवाळीच्या सुट्टीत ते गावच्या किनाऱ्यावरच्या एकाच पारावर बसून समोरचे तेच ते दृश्य काढीत. तीस-बत्तीस वर्षे हा नेम चालला. प्रत्येक कागदाच्या मागे तिथी, वेळ, पाणी आणि वारा. गावात थोडी चेष्टाही होई, की मास्तरांना दुसरा देखावा माहीत नाही.

ते गेल्यावर त्यांच्या पुण्याच्या नातीने सगळ्या वह्या जमिनीवर ओळीने मांडल्या. पहिल्या वह्यांत शिडाच्या होड्या आहेत, मासेमारांचे मांगर आहेत आणि मागे माडांच्या दोन ओळी. काही वर्षांनी शिडे नाहीशी होतात. मग लाकडी होड्यांच्या जागी फायबरच्या दिसू लागतात. माडांची पुढची ओळ विरळ होते, एका वर्षी तीन माड, पुढच्या वर्षी एक, मग एकही नाही. शेवटच्या वह्यांत पुळणीच्या जागी काळ्या दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा आहे. मास्तरांनी कोठे एक शब्दही गाऱ्हाणे लिहिलेले नाही. फक्त तिथी आणि वारा.

त्या घरात एक जुना वाद होता. आजी म्हणे, माडांखाली गोड्या पाण्याची विहीर होती आणि लग्न होऊन आल्यावर पहिली घागर मी तेथून आणली. मुले हसत, की समुद्राच्या तोंडाशी गोडे पाणी कोठले! पहिल्या सात-आठ वह्यांत, डावीकडच्या चौथ्या माडाजवळ, विहिरीचा कठडा स्पष्ट काढलेला निघाला. नातीने ते पान आजीच्या हातात दिले. आजींची नजर आता अधू झाली आहे. त्यांनी पान डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिले आणि “घागर नाही काढली त्यांनी,” एवढेच म्हणाल्या.

गेली काही वर्षे ती नात दिवाळीला त्याच पारावर बसते. आजोबांइतका तिचा हात सफाईदार नाही आणि तिला त्याचे वाईटही वाटत नाही.

कोकणचा किनारा झपाट्याने बदलतो आहे. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली, रस्ते आले, घरे बदलली, कित्येक ठिकाणी समुद्र आत आला. त्यातले चांगले किती आणि वाईट किती, हा वाद जाणकार घालतील. पण कोणत्या साली काय होते, हे सांगणारे कोणी तरी हवे. फोटो ते सांगू शकतो, हे खरे. पण तीनशे फोटोंत तो चौथा माड आणि तो कठडा मुद्दाम कोणी पाहिलेला नसतो. चित्र काढणाऱ्याने तासभर बसून त्याकडे पाहिलेले असते आणि हे राहावे असे त्याला वाटलेले असते.

तेव्हा वाचकहो, यंदा सामान बांधताना वही घ्या. मुलांनाही एक-एक द्या आणि त्यांच्या होड्या बुडाल्या तर बुडू द्या, किनाऱ्यावर तांडेलकाका भेटतीलच. चित्र चांगले साधले तर भिंतीवर लावा, न साधले तर वहीत राहू द्या. मात्र दोन्हींच्या मागे गावाचे नाव, तिथी, वेळ, पाणी आणि वारा लिहायला विसरू नका.